समाधान कुणाच्या घरी?

गेल्या हिवाळ्यात बाहेरगावचे एक विद्वान गृहस्थ आमच्या गोंदिया जिल्ह्यात येऊन गेले. आयुष्यातील बरीच वर्षे जर्मनीत काढलेली, मराठीवर मनापासून प्रेम, स्वभाव मोकळा. नवेगावबांधच्या पाळीवर आम्ही चहा घेत बसलो होतो. समोर सात बहिणींच्या डोंगरांची रांग, पाण्यावर दूरदेशाहून आलेली बदके, पलीकडे एक धिवर आपला डोंगा संथपणे वल्हवीत चाललेला. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "जर्मन लोकांजवळ एक शब्द आहे, गेम्यूटलिशकाइट. त्याला आपल्या भाषेत नेमका प्रतिशब्द नाही. पण ती वस्तू मात्र तुमच्याकडे भरपूर आहे. तिकडे ती मिळवण्यासाठी लोकांना पैसे मोजावे लागतात, तुमच्याकडे फुकट आहे. तुमचा झाडीपट्टीतला माणूस समाधानी आहे." पुढे हेच त्यांनी एका लेखातही लिहिले आणि तो लेख वाचून आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ शिकल्यासवरल्या मंडळींना धन्य वाटले. मला वाटले नाही. का वाटले नाही, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम त्या शब्दाविषयी. जर्मन भाषेत 'गेम्यूट' म्हणजे मन, अंतःकरण. त्यापासून तयार झालेला हा शब्द मनाच्या एका विशिष्ट अवस्थेचा आणि ती अवस्था ज्या ठिकाणी लाभते त्या ठिकाणाचाही वाचक आहे. बाहेर बर्फ पडते आहे, आत खोली उबदार आहे, दिव्याचा उजेड डोळ्यांत खुपणारा नाही, मेजाभोवती आपली माणसे आहेत, कुणाला कुठे जाण्याची घाई नाही आणि आता दार ठोठावून कुणी हुकूम सोडणार नाही अशी खात्री आहे. या सगळ्याचा मिळून तो एक शब्द. निवांतपणा, ऊब, आपलेपणा, समाधान, यांतला कोणताही एक मराठी शब्द त्याला पुरा पडत नाही, हे त्या गृहस्थांचे म्हणणे मला मान्य आहे. अलीकडे डेन्मार्कमधील अशाच एका शब्दावर पुस्तकांचे आणि मेणबत्त्यांचे मोठे दुकान जगभर थाटले गेले. तो बाजार बाजूला ठेवू. मूळ गोष्ट वाईट नाही. कष्टाच्या दिवसानंतर माणसाला घटकाभर असे बसता यावे, यात गैर काय आहे?

गैर आहे ते दुसरेच. एखाद्याच्या घरी ही अवस्था आहे किंवा नाही हे त्या घरातील माणसाने सांगायचे असते. आमच्याबाबतीत मात्र ते नेहमी बाहेरचा माणूस सांगत आला आहे. बदली होऊन जाणारा अधिकारी निरोपसमारंभात सांगतो की, येथील जनता शांत व समाधानी आहे. पर्यटनाच्या जाहिरातीत तेच छापलेले असते. मारुती चितमपल्लींच्या 'नवेगावबांधचे दिवस'ने हा परिसर मराठी वाचकाच्या घरात नेला, ही त्यांची मोठीच कामगिरी. परंतु ते वाचून येथे येणारा प्रवासी रानाबरोबर माणसालाही निसर्गाचा भाग समजून परत जातो. पाणी शांत, झाड शांत, म्हणून माणूसही शांत. बिडीच्या धंद्यातील मालकमंडळींनी तर पिढ्यान् पिढ्या हेच सांगितले: आमच्या बायामाणसांना घरबसल्या काम मिळते, त्या समाधानी आहेत. मुकेपणाला समाधान म्हणण्याची ही रीत जुनी आहे. ती सोयीचीही आहे. कारण समाधानी माणसाला काही द्यावे लागत नाही.

जर्मन शब्दाचे माहेर तपासले तर तेथेही हाच घोटाळा सापडतो. नेपोलियनचा पराभव झाल्यानंतर १८१५ पासून १८४८ च्या क्रांतीपर्यंतचा जो काळ, तो जर्मन मध्यमवर्गाच्या घरगुती सुखाचा काळ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला 'बीडरमायर' काळ म्हणतात. गमतीचा भाग असा की हे नाव मागाहून, १८५५ च्या सुमारास, एका विनोदी साप्ताहिकातील काल्पनिक, भोळसट, आत्मसंतुष्ट कवीच्या नावावरून पडले. म्हणजे थट्टेतून पडले. गोलसर पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर कुटुंबाची चित्रे, घरातल्या घरात वाद्यवादन, कॉफीची भांडी. याच काळात मेटर्निखच्या पुढाकाराने १८१९ मध्ये कार्ल्सबादचे हुकूम निघाले, वृत्तपत्रांवर व पुस्तकांवर पूर्वतपासणी बसली, विद्यापीठांवर पहारे बसले, विद्यार्थ्यांच्या संघटना बेकायदा ठरल्या. सार्वजनिक जीवनाचे दार बंद झाले तेव्हा मध्यमवर्ग बैठकीच्या खोलीत शिरला आणि तेथील उबेला त्याने मोठे सुंदर नाव दिले. ती ऊब खोटी होती असे मी म्हणत नाही. ती खरीच होती. पण बाहेर बोलण्याची बंदी असल्यामुळे तिला इतकी किंमत आली होती, हे विसरून चालणार नाही.

आणि त्याच वर्षांत, त्याच देशात, दुसरीही घरे होती. सायलेशिया प्रांतातील हातमागाचे विणकर घरीच विणीत. व्यापारी सूत देई, विणकर ते घरी आणी, नवरा-बायको-पोरे मिळून कापड विणीत, व्यापारी ते मापून, नावे ठेवून, काही नाकारून, उरलेल्याचे पैसे टिकवी. खोलीत माग होता, म्हणून खोली उरली नव्हती. पेटर्सवाल्डाऊ आणि लांगेनबिलाऊ या गावांतील विणकर १८४४ च्या जूनमध्ये उठले, व्यापाऱ्यांच्या हवेल्यांवर चालून गेले, आणि प्रशियाच्या सैन्याने गोळीबार करून अकरा माणसे मारली. हाइनेने त्यांच्यावर कविता लिहिली. पुढे १८९२ साली हाउप्टमानने 'विणकर' हे नाटक लिहिले तेव्हा त्याच्या जाहीर प्रयोगाला बर्लिनच्या पोलिसांनी मनाई केली. सांगण्याचा मुद्दा असा की गेम्यूटलिशकाइटच्या सुवर्णकाळात एका जर्मन घरात पियानो होता आणि दुसऱ्या जर्मन घरात माग. दोन्हींना 'घर' हाच शब्द होता.

आता आमच्याकडे वळू. पूर्वीचा भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तो धान, तलाव, तेंदूपान आणि बिडी यांचा जिल्हा. बिडीचा धंदा पूर्वीइतका राहिला नाही, हे खरे. तरी ज्या घरांत तो आहे त्या घरांत एकदा संध्याकाळी जाऊन पाहावे. ओसरीवर ओलसर फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचा तुकडा मापाला ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूट तंबाखू घालून वळायचे, धाग्याने बांधायचे, टोक मुडपायचे. आणि असे हजार वेळा, तेव्हा कुठे एक दर हाती येतो. सराईत बाईलाही त्याला सारा दिवस पुरत नाही, म्हणून शाळेतून आलेली पोर धागा गुंडाळायला शेजारी बसते. तंबाखूची भुकटी अंथरुणात, पाण्याच्या माठावर, भाताच्या भांड्याभोवती. सट्टेदाराकडे माल नेऊन दिला की त्यातला काही 'छाट' म्हणून बाजूला काढला जातो. त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि छाटातल्या बिड्या पुढे फेकून दिल्या जातात असेही कुणी पाहिलेले नाही.

सट्टेदाराकडे माल देऊन आली म्हणून बाईचा दिवस संपत नाही. कारण तिने कारखान्यातून सुटून जायचे तरी कुठे? कारखाना तिच्याबरोबर घरी आला आहे. जर्मन भाषेत काम संपल्यानंतरच्या वेळेला वेगळाच एक शब्द आहे, 'फायराबेंड'. म्हणजे सणाची संध्याकाळ. काम संपले की ती वेळ सणाच्या पूर्वसंध्येसारखी मानायची. ज्या बाईचे काम संपतच नाही, तिला फायराबेंड नाही. आणि फायराबेंड नाही तिथे गेम्यूटलिशकाइट कुठून येणार? आमचे विद्वान पाहुणे पाळीवरून उठून गावात आले असते, तर त्यांना ओसरीवर मान खाली घालून बसलेली शांत बाई दिसली असती. ती शांत होती कारण ती मोजत होती.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! होता. १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा हा खरोखरच मोठ्या लढ्यांचा परिपाक होता, आणि घरी बसून बिड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली मंगळूरच्या एका बिडी कंपनीच्या खटल्यात मान्य केले. परंतु कामाच्या तासांची मर्यादा, दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, ही 'औद्योगिक जागे'पुरती होती. घराला तास नव्हते. शिवाय जो कुणाचा नोकर नाही, जो आपल्या घरी आपल्या कुटुंबासह बिड्या करतो, त्याला हा कायदा लागू नव्हता. आणि या फटीतूनच खरेदी-विक्रीची पद्धत आत शिरली. पाने व तंबाखू बाईला 'विकायची', बिड्या तिच्याकडून 'खरेदी' करायच्या. मालक व्यापारी झाला, बाई 'स्वतंत्र उत्पादक' झाली. स्वातंत्र्याची इतकी स्वस्त वाटणी दुसरीकडे क्वचितच झाली असेल! १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधी आला, बिडीवरील उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले उभी राहिली. तो उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या नावाने रद्द झाला. १९६६ चा कायदाही २०२० च्या श्रमसंहितेने आपल्या पोटात घेतला. घराला तास अजूनही नाहीत.

या ठिकाणी एक जुनी हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या राज्यकर्त्यांच्या मनाचा तळ दाखवते. हा प्रदेश जेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, तेव्हा १९४८ साली तेथील सरकारने एक कायदा केला: शेतीच्या हंगामात, सरकार ठरवील त्या गावांत, कुणीही बिड्या वळू नयेत. हेतू काय? शेताला मजूर मिळावेत. सागर जिल्ह्यात त्याप्रमाणे हुकूम निघाला, आणि एक बिडी कारखानदार व एक बिडी कामगार असे दोघे मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश सरकार हा तो खटला. निकाल नोव्हेंबर १९५० चा. न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. जे शेतात राबूच शकत नाहीत असे म्हातारे, अपंग, बायका-मुले यांचीही रोजी त्याने हिरावली जाते, हे न्यायालयाचे म्हणणे योग्यच होते. घटनेचे विद्यार्थी हा खटला व्यवसायस्वातंत्र्याचा पहिला धडा म्हणून आजही वाचतात.

पण मला त्यात दुसरेच दिसते. सरकार म्हणत होते, पावसाळ्यात हे हात धानाच्या बांधीचे. कारखानदार म्हणत होता, हे हात बारमाही तंबाखूचे. न्यायालयाने सांगितले, हात कुठे लावायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. त्या हातांनी कधी तरी रिकामे बसावे, मांडीवर ठेवून नुसते असावे, हा पक्ष मांडायला त्या दालनात कुणी नव्हते.

आता तलावांविषयी, कारण आमच्या पाहुण्यांचे समाधान मुळात पाण्याकडे पाहून उगवले होते. पूर्व विदर्भातील जुन्या मालगुजारी तलावांची संख्या सहा-सात हजार सांगितली जाते. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे मानतात. कोहळ्यांचे पाण्याचे ज्ञान अद्भुत होते: उतार पाहून पाळ घालायची, वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात उतरवायचे, धानाला ऐन निसवण्याच्या वेळी बांधीबांधीतून ते फिरवायचे. ज्या गावाचा तलाव भरलेला त्या गावाला पुढल्या चार महिन्यांची धाकधूक नसे. आमच्याकडे समाधान म्हणून जे काही होते, त्याचा पाया हा होता. तो स्वभावाचा गुण नव्हता. ती पाण्याची व्यवस्था होती.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तलाव मालगुजाराच्या नावाचे, पण डोक्यावरून माती वाहिली ती वेठीला धरलेल्या माणसाने. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली हे उत्तम झाले. अडचण पुढे झाली. तलाव सरकारजमा झाले. वहिवाटीने, म्हणजे निस्तार हक्काने, जे पाणी रयतेचे होते त्याला खाते आणि पट्टी आली. आणि दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढण्याचे, पाळ डागडुजीचे जे काम गाव आपले समजून करी, ते कुणाचेच राहिले नाही. मोठे तलाव एका खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासे लिलावाकडे, गाळ देवाकडे. बेशरमाची झुडपे पाण्यात उतरली. ज्या धिवराला पाहून आमचे पाहुणे मुग्ध झाले, त्याच्या डोंग्यातले जाळे त्या दिवशी जवळजवळ रिकामे होते. हे मला ठाऊक आहे, कारण तो काठाला लागल्यावर मी त्याला विचारले. अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवर स्त्री-पुरुषांच्या साहाय्याने काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, माशांना चारा व आसरा मिळवून दिला. त्याला गावाची व्यवस्था पुन्हा बांधणे म्हणतात. त्याविषयी मात्र त्या लेखात एक ओळ नव्हती.

धानकऱ्याची संध्याकाळ कशी असते, तेही थोडक्यात सांगतो. उन्हाळी धान करणाऱ्याला मोटारीची वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत मिळते. सापकिरडाच्या अंधारात, हातात बॅटरी घेऊन तो धुऱ्यावर उभा असतो. त्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. येथे कोळसा जळतो, राख येथे उरते आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातील बैठकीच्या खोलीत मंद, डोळ्यांना सुखावणारा दिवा लागतो. गेम्यूटलिशकाइटला उजेड लागतोच ना!

मग जर्मनीत ही वस्तू विणकराच्या नातवापर्यंत पोहोचली ती कशी? गोड शब्दाने पोहोचली नाही. १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८९ मध्ये म्हातारपणाचा. तोही बिस्मार्कने प्रेमाने दिला नाही, समाजवाद्यांच्या भीतीने दिला. १८९१ मध्ये रविवारची सुट्टी कायद्यात आली. आठ तासांचा दिवस नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीने आणला. १९५६ साली तेथील कामगारसंघांनी शनिवारच्या सुट्टीची मागणी केली, तेव्हा भित्तिपत्रकावर एक लहान मूल होते आणि शनिवारी बाबा माझे, असा त्याचा आशय होता. १९८४ मध्ये धातुकामगारांनी आठवड्याला पस्तीस तासांसाठी कित्येक आठवडे संप केला. ज्या संध्याकाळचे कौतुक आमच्या पाहुण्यांनी तेथे राहून अनुभवले, तिचा एकेक तास असा कुणीतरी पगार बुडवून, कुणीतरी तुरुंगात जाऊन मिळवलेला आहे. त्याच जर्मनीत याच्या उलटही घडून गेले. मे १९३३ मध्ये हिटलरने कामगारसंघ मोडून काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कामगारांना सहली, नाटके व करमणूक पुरवणारी सरकारी 'आनंद' संघटना स्थापन केली. हक्क काढून घेतला, सहल दिली.

आमच्या शेजारच्या मध्यप्रदेश सरकारने २०१६ साली 'आनंद विभाग' काढला. त्याची वरील गोष्टीशी तुलना करणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे अशा खात्यांचा फारसा उपद्रव नसतो, उपयोगही नसतो. पण बालाघाटच्या बिडीवाल्या बाईला किमान वेतन मिळते की नाही हे पाहणारे निरीक्षक अपुरे, आणि आनंदाला मात्र स्वतंत्र खाते, हा क्रम मला समजत नाही.

"अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपण मुलांना शिकवतो. अंथरूण कुणी कापले, उरलेला तुकडा कुणाच्या गादीखाली गेला, हे विचारायला कुठली म्हण शिकवते? संतांचे नाव घेऊन समाधानाचा उपदेश करणारेही पुष्कळ आहेत. संतांनी आपल्यापुरते मागणे सोडले, हे खरे. दुसऱ्याच्या वाट्याचे ओढून घेणाऱ्याला त्यांनी समाधानी राहा म्हणून आशीर्वाद दिल्याचे मला माहीत नाही.

येथवर वाचून आमच्या चळवळीतील मित्र माना डोलावत असतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे, आणि खरे म्हणजे या लेखाचे अर्धे कारण ते आहेत. समाधान, ऊब, निवांतपणा, या सगळ्या मध्यमवर्गाच्या चैनी. समाधानी माणूस लढत नाही, म्हणून माणसाला अस्वस्थ ठेवले पाहिजे, असे आपल्यातील अनेकजण प्रामाणिकपणे मानतात. आपल्या सभा रात्री दहाला सुरू होतात आणि एकला संपतात. आपल्या मागणीपत्रकात दर हजारी दर असतो, महागाई भत्ता असतो, भविष्यनिर्वाह निधी असतो, संध्याकाळ नसते. आपण ज्या बाईसाठी भांडतो तिला आपणही, मालकाप्रमाणेच, हातांच्या हिशेबात धरतो. फरक इतकाच की तो कमी दर देतो आणि आपण जास्त मागतो. तिने रिकामे बसावे असे आपल्याही स्वप्नात येत नाही.

असमाधानातून लढा उभा राहतो, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. देवरी तालुक्यातील आणि गडचिरोलीतील ग्रामसभांकडे पाहा. २००६ च्या वनाधिकार कायद्याचा आधार घेऊन २०१३ पासून तेथील कित्येक ग्रामसभांनी तेंदूपानाचा व्यवहार वनखात्याच्या व ठेकेदाराच्या हातून आपल्या हाती घेतला. हे काम अर्धपोटी, धास्तावलेल्या, वेळ नसलेल्या माणसांचे नव्हे. त्यासाठी रात्र रात्र बसून बोलावे लागते, नकाशे पाहावे लागतात, एकमेकांचे ऐकून घ्यावे लागते. बसण्याइतका वेळ आणि शेजाऱ्यावर विश्वास, हे दोन्ही ज्यांनी कसेबसे राखले होते त्यांनाच ते साधले. मी म्हणतो ते समाधान हे आहे. कार्ल्सबादच्या हुकुमांनी ज्याला बैठकीच्या खोलीत कोंडले ते नव्हे; जे अंगणात मावते आणि तेथून सभेत जाते ते.

आणि तशी वस्तू आमच्याकडे आहे, हे त्या पाहुण्यांना सांगायचे राहून गेले. तिचे नाव मंडई. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते. हलका धान निघालेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार होते, मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक. थंडीत घोंगड्या-चादरी अंगावर घेऊन हजारो माणसे पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईला ती ठाऊक झाली. वर्षातून एक दिवस गाव कुणाचेही देणे लागत नाही असे वागते. जर्मन शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर तो येथे शोधावा.

तीन वर्षांपूर्वी एका मंडईत मी एका घरी जेवायला होतो. घर पाहुण्यांनी भरलेले. नाटकाची वेळ झाली तशी सारी मंडळी उठली. घरची सून मागे राहिली. आठवड्याचा माल उद्या सकाळी द्यायचा होता आणि पाहुण्यांच्या धावपळीत दोनशे-अडीचशे बिड्या कमी पडल्या होत्या. तिने विजेच्या दिव्याखाली सूप ओढले. गावाच्या टोकाकडून नाटकाचे संगीत ऐकू येत होते. मी म्हटले, "बाई, आजचा एक दिवस राहू द्या ना." ती म्हणाली, "दादा, मंडई गावाची आहे, माल सट्टेदाराचा आहे."

यंदा बिडी कामगारांच्या मागणीपत्रकाचा मसुदा करण्यासाठी आमची बैठक झाली, तेव्हा मी त्यात एक कलम घालण्याची सूचना केली: गावच्या मंडईचा दिवस आणि दुसरा दिवस, असे दोन दिवस प्रत्येक घरकामगार स्त्रीला पगारी सुट्टी द्यावी, आणि त्या आठवड्याचा माल त्या प्रमाणात कमी धरावा. एक ज्येष्ठ सहकारी हसले. दर वाढत नाही तेथे नाटकाची सुट्टी कोण देणार, असे त्यांनी विचारले. बैठकीस आलेल्या अकरा स्त्रियांपैकी एकही हसली नाही. तास-दीड तास वाद झाला. शेवटी कलम नवव्या क्रमांकावर गेले, भविष्यनिर्वाह निधीच्या खाली. मागणीपत्रक पोस्टाने रवाना झाले आहे. पोच अद्याप आलेली नाही.